‘राखाडी’ खुले करताना

गेल्या रविवारी रात्री मी ‘राखाडी’ या साधनाची ०.१ ही पहिली आवृत्ती मुक्तस्रोत म्हणून सर्वांसाठी खुली केली. कंट्रोल रूममधला ऑपरेटर ज्या चित्रांकडे पाहून बॉयलर, टर्बाइन किंवा टाकी चालवतो, ती जुनी ग्राफिक्स वाचायची, त्यांच्यामागे जोडलेले टॅग (प्रत्येक मापनाचे किंवा आज्ञेचे प्रणालीतले नाव) आणि अटी बाहेर काढायच्या, आणि त्यांवरून आजच्या पद्धतीची ग्राफिक्स उभी करायला इंजिनिअरला मदत करायची, एवढेच त्याचे काम आहे. एक बटण दाबले आणि वीस वर्षांपूर्वीची स्क्रीन नवी झाली, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. तशी ती माझीही होती, आणि ती कशी मोडली तेच या लेखात सांगायचे आहे.

कामाला सुरुवात झाली ती पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात. तिथे को-जनरेशनचा, म्हणजे वाफ आणि वीज एकत्र मिळवण्यासाठीचा, बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणारा बॉयलर आहे आणि त्याची कंट्रोल रूम ज्या संगणकांवर चालत होती, त्यांवर विंडोज एक्सपी होते. त्या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, पण कारखाने काही अशा तारखांवर चालत नाहीत. मदरबोर्ड मिळतो आहे तोवर संगणक चालतो आणि तो चालतो आहे तोवर त्याला हात लावायचा नाही, हा तिथला अलिखित नियम. मागच्या हंगामात ऐन गळिताच्या काळात एक संगणक बंद पडला आणि त्याचा मदरबोर्ड जुन्या बाजारातून शोधून आणावा लागला, तेव्हा मात्र चीफ इंजिनिअर साहेबांनी ठरवले की पुढच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आत हे सगळे बदलायचे. मी इन्स्ट्रुमेंटेशनची कामे स्वतंत्रपणे घेतो. ग्राफिक्सचे काम माझ्याकडे आले, आणि हातात बिगर हंगामाचे मोजके महिने होते.

ग्राफिक्स तीन वेगवेगळ्या कंत्राटदारांनी तीन वेगवेगळ्या काळात काढलेली होती. बॉयलरच्या स्क्रीन एकाच्या, टर्बाइन आणि स्विचयार्डच्या दुसऱ्याच्या, पाणी शुद्धीकरण आणि राख हाताळणीच्या तिसऱ्याच्या. सुदैवाने जुन्या पॅकेजमध्ये प्रत्येक स्क्रीन मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढण्याची अधिकृत सोय होती. ती फाइल उघडली की आतमध्ये प्रत्येक आकृतीचे स्थान, रंगाचा क्रमांक, तिला जोडलेला टॅग आणि ‘अमुक मूल्य ऐंशीच्या वर गेले की रंग बारा’ अशा अटी ओळीने दिसत. हे सगळे यंत्राला वाचता येते म्हटल्यावर हाताने पुन्हा काढत बसण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी पायथॉनमध्ये एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली आणि जसेच्या तसे चित्र एसव्हीजीमध्ये उतरवले. एसव्हीजी हे चित्रांसाठीचे २००१ पासूनचे खुले मानक आहे, ते साध्या मजकुरात असते आणि कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते, म्हणून ती निवड सोपी होती.

पहिला निकाल पाहण्यासारखा होता. जुन्या स्क्रीन १०२४ गुणिले ७६८ च्या, नवे मॉनिटर १९२० गुणिले १०८० चे. मी सगळे चित्र आडवे ताणले, त्यामुळे प्रत्येक पंपाचे वर्तुळ अंड्यासारखे झाले आणि बॉयलरचा ड्रम लांबट काकडीसारखा दिसू लागला. शिवाय एका कंत्राटदाराच्या फायलींमध्ये रंग क्रमांक शून्य म्हणजे काळा होता आणि दुसऱ्याच्या फायलींमध्ये शून्य म्हणजे पारदर्शक, त्यामुळे राख हाताळणीची अर्धी स्क्रीन काळ्या ठोकळ्यांखाली गडप झाली. असले दोष चारदोन संध्याकाळींत सुटतात आणि सुटलेही. खरी अडचण सगळे दोष सुटल्यावर, चित्र अगदी हुबेहूब उतरल्यावर समोर आली.

बॉयलर फीड पंप दोन ठिकाणी दिसत होता. बॉयलरच्या स्क्रीनवर तो चालू असताना हिरवा, बंद असताना लाल. स्विचयार्डच्या स्क्रीनवर त्याच पंपाचा ब्रेकर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चालू असताना लाल, बंद असताना हिरवा. दोन्ही कंत्राटदार आपापल्या परीने बरोबर होते. प्रोसेसच्या मंडळींत हिरवे म्हणजे चालू ही सवय रुळलेली आहे, तर इलेक्ट्रिकलच्या मंडळींत लाल म्हणजे सर्किट जिवंत आहे, हात लावू नका, ही रीत पॅनेलवरच्या दिव्यांपासून चालत आलेली. ऑपरेटरला मात्र एकाच खुर्चीत बसून मान डावीकडे वळवली की एक भाषा आणि उजवीकडे वळवली की दुसरी वाचावी लागत होती. मी एका ज्येष्ठ ऑपरेटरना विचारले की यात कधी गोंधळ होत नाही का. ते म्हणाले, “रोज बघतोय की साहेब, सवय झालीय. नवीन पोरगं आलं की पहिले पंधरा दिवस त्याला मी इलेक्ट्रिकलच्या पेजवर एकटं बसू देत नाही.” म्हणजे स्क्रीनमधला दोष माणसाच्या डोळ्यात तेल घालण्याने भरून काढला जात होता, आणि माझी स्क्रिप्ट तो दोष इमानेइतबारे नव्या संगणकावर नेऊन ठेवत होती.

तिथे मी थांबलो आणि साधनाची दिशा बदलली. चित्र उतरवणे बाजूला ठेवून चित्रातला प्रत्येक रंग काय सांगतो आहे हे आधी विचारायचे, असे ठरवले.

राखाडी हे नाव पार्श्वभूमीवरून आले (आणि थोडेसे बॉयलरच्या राखेवरूनही). ग्राफिक्स फिकट राखाडी ठेवावीत, सुरळीत चाललेली यंत्रे आणि पाइप राखाडीच्याच छटांत दाखवावेत आणि ठसठशीत रंग अलार्मसाठी व असाधारण स्थितीसाठी राखून ठेवावेत, हा विचार या क्षेत्रात गेली वीसेक वर्षे रुजत आला आहे. आयएसए १०१ हे ऑपरेटरच्या स्क्रीनविषयीचे अमेरिकन मानक २०१५ साली प्रसिद्ध झाले, आणि आज या विषयावरची बहुतेक चर्चा त्याच्या चौकटीत होते. काळी पार्श्वभूमी ही सीआरटी (जुन्या, काचेच्या नळीच्या) मॉनिटरच्या काळातली देणगी होती. तेव्हा मोजके रंग मिळत, आणि उजळ पडदा लुकलुकून डोळ्यांना त्रास देई, म्हणून काळ्यावर भडक हिरवे, निळे, पिवळे काढले जाई. काळा पडदा नीट दिसावा म्हणून कंट्रोल रूमचे दिवे मंद ठेवायचे आणि मग पहाटे तीनला ऑपरेटरला डुलकी लागते म्हणून त्याच्यावर चिडायचे, हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. फिकट राखाडी पडदा लख्ख उजेडातही वाचता येतो, हा त्याचा कमी बोलला जाणारा फायदा आहे.

पाइपांच्या रंगांवर मात्र वाद झाला, आणि तो रास्त होता. जुन्या स्क्रीनवर पाण्याचे पाइप समुद्री हिरवे आणि हवेचे आकाशी होते, कारण आयएस २३७९ या भारतीय मानकात पाइपलाइन ओळखण्यासाठी तेच रंग सांगितले आहेत. शिफ्ट इंचार्ज म्हणाले की मानकाप्रमाणे काढलेले तुम्ही का पुसता? माझे म्हणणे असे की ते मानक प्रत्यक्षातल्या पाइपांसाठी आहे. चाळीस फूट उंचीवर, वाफेच्या धुरकट उजेडात उभ्या असलेल्या फिटरला समोरच्या पाइपात काय आहे हे कळले पाहिजे, म्हणून पाइप रंगवायचा. पडद्यावर ते काम पाइपाशेजारी लिहिलेले ‘फीड वॉटर’ हे दोन शब्द करतात. जिथे पूर्ण पडदा हिरव्या-आकाशी रेघांनी भरलेला असतो, तिथे कोपऱ्यातला एक छोटासा लाल आकडा दिसायला वेळ लागतो. हे त्यांना पटले असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी एक महिना पाहू असे म्हटले.

ऑपरेटरांची पहिली प्रतिक्रिया याहून सरळ होती. पहिली राखाडी स्क्रीन लावली तेव्हा मागून आवाज आला, “हे असं सुतकातल्यासारखं का केलंय?”

रंग काढून टाकणे हे यंत्राला सोपे आहे, पण कोणता काढायचा आणि कोणता ठेवायचा हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून राखाडीने रंगांचे दोन ढीग केले आहेत. ज्या आकृतीचा रंग कधीच बदलत नाही, तो सजावटीचा समजून तिची राखाडी छटा आपोआप केली जाते. ज्या आकृतीचा रंग एखाद्या टॅगवर अवलंबून आहे, तिथे साधन थांबते आणि विचारते: ही चालू-बंद स्थिती आहे, अलार्म आहे, की आणखी काही? उत्तर एकदा दिले की त्या प्रकारच्या सगळ्या आकृत्यांना ते लागू होते. चालू यंत्र उजळ, बंद यंत्र गडद, आणि शेजारी शब्दातही स्थिती. अलार्मला रंगासोबत ठरलेला आकार आणि प्राधान्याचा आकडा, म्हणजे ज्याला लाल आणि हिरवा यांत फरक दिसत नाही त्याचेही अडत नाही. अशी माणसे आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त असतात, आणि त्यांपैकी बरेचजण नोकरीच्या भीतीने बोलत नाहीत.

हे प्रश्न विचारता विचारता एक गोष्ट बाहेर आली, आणि माझ्या मते या साधनाचे मोल तिच्यातच आहे. प्रत्येक आकृतीच्या मागे कोणता टॅग आहे हे साधन पाहतेच, तेव्हा तो टॅग पीएलसीच्या, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकाच्या, इनपुटचा (यंत्राकडून आलेला) आहे की आउटपुटचा (यंत्राला दिलेला) हेही पाहावे, असा विचार करून मी एक तपासणी सहज जोडली होती. ती चालवल्यावर स्टार्टअप व्हेंटचे (बॉयलर सुरू करताना वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेचे) दोन मोटरवर चालणारे व्हॉल्व्ह यादीत आले. पडद्यावर ते ‘बंद’ दिसत होते, कारण आकृतीला जोडलेला टॅग होता ‘बंद हो’ या आज्ञेचा. व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला का, हे सांगणारा लिमिट स्विचचा सिग्नल कंट्रोल रूमपर्यंत आणलेलाच नव्हता. अनेक वर्षे ऑपरेटर जे पाहत होते ते स्वतःच दिलेल्या आज्ञेचे प्रतिबिंब होते. जुन्या माणसांना हे ठाऊक होते. व्हेंट बंद केल्यावर ते खाली वॉकीटॉकीवर विचारून घेत. स्क्रीनला मात्र ठाऊक नव्हते, आणि तरीही ती ठामपणे ‘बंद’ म्हणत होती.

नियंत्रण क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही इथे थ्री माइल आयलंड आठवेल. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या त्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला, पण पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती दाखवत नव्हता. बंद होण्यासाठीचा सिग्नल गेला आहे एवढेच तो सांगत होता. ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद आहे असे मानले आणि थंडाव्याचे पाणी त्या वाटेने निघून जात राहिले. पंधरा वर्षांनी, २४ जुलै १९९४ रोजी, वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला, त्याच्या ब्रिटिश चौकशी अहवालातही तेच दुखणे वेगळ्या रूपात आहे: एक कंट्रोल व्हॉल्व्ह बंद होता आणि नियंत्रण प्रणाली तो उघडा असल्याचे दाखवत होती. त्याच अहवालात असेही आहे की स्फोटापूर्वीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले, आणि संपूर्ण प्रक्रिया एका नजरेत दाखवणारी स्क्रीन त्यांच्याकडे नव्हती. पुसटशी तुलना करण्यातला धोका मला कळतो. साखर कारखान्याचा व्हेंट व्हॉल्व्ह म्हणजे अणुभट्टी नव्हे. तरी चूक एकाच घराण्यातली आहे, आणि ती चित्र काढणाऱ्याच्या हातून होते.

म्हणून राखाडीत एक नियम कायमचा बसवला आहे आणि तो बंद करण्याची सोय मी मुद्दाम ठेवलेली नाही. ज्या यंत्राची स्थिती फक्त आज्ञेवरून काढलेली आहे, त्याच्या आकृतीवर तिरप्या रेघा येतात. त्याचा अर्थ: सांगितले आहे, झाले की नाही ते माहीत नाही. पहिल्या चाचणीत एका व्यवस्थापकांनी विचारले की पाहुणे आले की या रेघा बऱ्या दिसणार नाहीत, त्या काढता येतील का. काढता येतील, लिमिट स्विच बसवून.

दुसरा प्रकार ड्रम लेव्हलचा. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी हा ऑपरेटरचा जीव की प्राण असतो. पातळी खाली गेली तर नळ्या जळतात, वर गेली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडे जाते. गंमत अशी की वाफेची मागणी एकदम वाढली की ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि प्रत्यक्षात पाणी कमी होत असताना पातळी काही क्षण चढलेली दिसते. एकट्या पातळीवर विश्वास ठेवून जो पाणी कमी करतो, तो स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. म्हणूनच पातळी, वाफेचा प्रवाह आणि फीड वॉटरचा प्रवाह अशा तीन मापनांवर मिळून नियंत्रण केले जाते. आता या कारखान्याच्या स्क्रीनवर पातळी होती बॉयलरच्या पानावर, फीड वॉटरचा प्रवाह फीड पंपाच्या पानावर आणि वाफेचा प्रवाह टर्बाइनच्या पानावर. कंत्राटदाराने प्रत्येक ट्रान्समीटर (मोजणारे उपकरण) नकाशावर जिथे आहे तिथे प्रामाणिकपणे दाखवला होता. नकाशा बरोबर, पण ऑपरेटरला हवा असलेला हिशेब, आत किती येते आहे आणि बाहेर किती जाते आहे, तो कुठेच नाही.

अमेरिकेतल्या टेक्सस सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी जे घडले, त्यात हाच तुटलेला हिशेब एक कारण होता. तिथला १७० फुटी टॉवर सुरू करताना तीन तासांहून अधिक काळ द्रव आत येत राहिला आणि बाहेर काही गेले नाही. पातळी मोजणारा ट्रान्समीटर टॉवरच्या तळातल्या नऊ फुटांपुरताच होता, शिवाय तो पातळी हळूहळू उतरत असल्याचे चुकीचे दाखवत होता. आत येणारा प्रवाह आणि बाहेर जाणारा प्रवाह वेगवेगळ्या स्क्रीनवर होते, त्यामुळे दोन्हींतली तफावत एकत्र नजरेस पडली नाही. त्या स्फोटात १५ माणसे मेली आणि १८० जखमी झाली. कारणे पुष्कळ होती आणि ग्राफिक्स हे त्यांतले एक, याची जाणीव ठेवूनच हे लिहितो आहे.

यावर राखाडी काय करते? लूपची (मापने घेऊन एका गोष्टीचे नियंत्रण करणाऱ्या साखळ्यांची) यादी साध्या तक्त्याच्या स्वरूपात दिली, तर प्रत्येक लूपची मापने कोणकोणत्या पानांवर विखुरली आहेत ते ती सांगते. आमच्याकडे ड्रम लेव्हलपुढे ‘तीन मापने, तीन पाने’ अशी ओळ आली. पुढचे काम माणसाचे. चीफ इंजिनिअर, दोन शिफ्ट इंचार्ज, तीन ऑपरेटर आणि मी, असे आम्ही लॅबशेजारच्या खोलीत जुन्या चार्ट पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने बॉयलरचे एक पान काढले. वर ड्रम लेव्हल, तिच्या दोन बाजूंना दोन प्रवाह, आणि प्रत्येकाशेजारी गेल्या अर्ध्या तासाचा लहानसा ट्रेंड, म्हणजे आलेख. आकडा किती आहे याच्यापेक्षा तो कुठे निघाला आहे हे ऑपरेटर आधी पाहतो, असे तिघांनीही सांगितले. एकाने भट्टीतला ड्राफ्टही (हवेची ओढ) तिथेच मागितला, कारण ओला बगॅस आला की सगळ्यात आधी ड्राफ्ट नाचू लागतो. ही गोष्ट कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेली नव्हती. संपूर्ण बॉयलर एका नजरेत दाखवणारी ही स्क्रीन राखाडीने काढलेली नाही आणि पुढच्या आवृत्तीतही ती काढणार नाही.

काही गोष्टी मी चुकीच्या काढल्या होत्या, त्याही सांगतो. मुख्य स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात गणपतीचे एक छोटे चित्र होते. त्याला टॅग नव्हता, त्याचा रंग बदलत नव्हता, म्हणून साधनाने ते सजावट ठरवून उडवले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टने माझ्याशी बोलणेच टाकले. आता चित्रफायलींना साधन हात लावत नाही, त्या ठेवायच्या की काढायच्या ते विचारते, आणि कारखान्याच्या उघडणाऱ्या पानावर गणपती आपल्या जागी आहे. लेबले मराठीत करताना अशीच एक फजिती झाली. मी उत्साहाने आकडेही देवनागरीत केले. ऑपरेटर म्हणाले की खाली गेजवर इंग्रजी आकडे, लॉगबुकात इंग्रजी आकडे, आणि इथेच मराठी कशाला. खालचा माणूस वॉकीटॉकीवर आकडा सांगतो तेव्हा पडद्यावरचा आकडा नजरेने जुळवायचा असतो. शब्द मराठी राहिले, आकडे परत फिरले. जुन्या काही पानांवरचा मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटमधला होता, तो साधनाला अजून नीट वाचता येत नाही.

अंतर्गत रचना थोडक्यात अशी: जुन्या पॅकेजची मजकूर-फाइल वाचणारा एक भाग, तिच्यातून तयार होणारे एक मधले जेसन (माहितीची साधी मजकूर-मांडणी) स्वरूप, त्यावर चालणारे नियम, आणि शेवटी एसव्हीजी व टॅगजोडणीचा तक्ता. मधले स्वरूप ठेवल्याने दुसऱ्या पॅकेजसाठी फक्त वाचणारा भाग नवा लिहावा लागतो. शिवाय सगळे मजकुरात असल्यामुळे गिटमध्ये (फायलींतल्या बदलांचा माग ठेवणाऱ्या साधनात) ठेवता येते, आणि कोणी एखाद्या अलार्मची मर्यादा ऐंशीवरून नव्वद केली तर तो बदल ओळीसकट दिसतो. बदलांची नोंद ठेवण्याच्या फॉर्मवर वर्षानुवर्षे ‘ग्राफिक्समध्ये किरकोळ बदल’ एवढेच लिहिले जाते, त्यावर हा मला सापडलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

खुले का केले, हा प्रश्न माझ्या ओळखीच्या दोन कंत्राटदारांनी विचारला, आणि त्यात थोडी कीवही होती. विकण्यासारखे आहे हे खरे. पण अशा साधनावर विश्वास ठेवायचा तर ते कसे ठरवते हे इंजिनिअरला वाचता आले पाहिजे. तिरप्या रेघा कधी येतात हे ज्याला पाहता येत नाही, त्याने त्या नसण्यावर भरवसा का ठेवावा? ही कल्पना माझी एकट्याची आहे असेही नाही. कणत्वरकांच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या एपिक्स या मुक्तस्रोत नियंत्रण प्रणालीच्या जगात हे फार आधीपासून चालू आहे. तिथले फिबस हे आजचे साधन एमईडीएम आणि ईडीएम या जुन्या संपादकांत काढलेल्या स्क्रीन वाचून आपल्या स्वरूपात बदलून घेते. कारखान्यांच्या बाजूला फुक्सासारखी वेबवर चालणारी मुक्तस्रोत प्रणाली एसव्हीजीवरच उभी आहे. मधला दुवा, म्हणजे जुन्या औद्योगिक फायली आणि त्यांच्यातला अर्थ, तेवढा मी उचलला.

कायद्याची बाजू मी आधी तपासून घेतली, आणि नोकरीत असलेल्या मित्रांनी तर ती तपासावीच. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या अधिनियमाच्या, कलम १७ नुसार नोकरीच्या कामात लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता असतो. मी स्वतंत्र असलो तरी कारखान्याकडून लेखी पत्र घेतले की साधन माझे, स्क्रीन त्यांच्या. कलम ५२ मध्ये एका प्रोग्रॅमचा दुसऱ्याशी मेळ बसवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याला सवलत आहे, पण मी तिच्या आडोशालाही गेलेलो नाही. राखाडी फक्त पॅकेजने स्वतः बाहेर काढलेल्या मजकूर-फायली वाचते, बंद स्वरूपाच्या फायलींचे कुलूप फोडत नाही. परवाना अपाची २.० आहे, कारण त्यात पेटंटविषयीची तरतूद स्पष्ट आहे आणि कंपन्यांचे वकील त्याला सहसा घाबरत नाहीत.

सोबत दिलेल्या नमुना फायली खऱ्या कारखान्याच्या नाहीत. खऱ्या स्क्रीनमध्ये टॅगची नावे असतात, कधीकधी आयपी पत्तेही असतात, आणि असा नकाशा चव्हाट्यावर मांडणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणे. म्हणून मी एक काल्पनिक टाकी, दोन पंप आणि एक मुद्दाम चुकीचा जोडलेला व्हॉल्व्ह अशी छोटी स्क्रीन तयार केली. दोष कळवताना कृपया आपल्या प्लँटची फाइल चिकटवू नका. टॅगची नावे बदलून देणारी आज्ञा साधनातच आहे, ती आधी चालवा. साधन इंटरनेटशिवाय चालते आणि चालू प्रणालीला जोडले जात नाही. ते फाइल वाचते, फाइल लिहिते, आणि ती फाइल प्लँटमध्ये न्यायची की नाही हे तपासून ठरवणारा माणूस तुमचा.

ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून उणिवाही सांगून टाकतो. सध्या एकाच पॅकेजच्या फायली पूर्ण वाचता येतात, दुसऱ्याच्या अर्ध्यामुर्ध्या. फेसप्लेट, म्हणजे व्हॉल्व्हवर क्लिक केल्यावर उघडणारी छोटी खिडकी, उतरवली जात नाही, कारण तिच्यातून आज्ञा दिल्या जातात आणि आज्ञा देणारी कोणतीही गोष्ट आपोआप तयार व्हावी असे मला वाटत नाही. स्क्रीनमागच्या स्क्रिप्ट साधन वाचून दाखवते, बदलत नाही.

चाचणीसाठी आम्ही मागच्या हंगामातल्या एका ट्रिपची (यंत्रणा आपोआप बंद पडण्याच्या घटनेची) हिस्टोरियनमधली, म्हणजे जुनी मापने साठवणाऱ्या प्रणालीतली, नोंद काढली आणि ती जुन्या व नव्या स्क्रीनवर शेजारी शेजारी पुन्हा चालवली. मला वाटले होते की नव्या स्क्रीनवर सगळ्यांना लवकर कळेल. सर्वांत ज्येष्ठ ऑपरेटरना जुन्या काळ्या पडद्यावर आधी कळले. इतक्या वर्षांत त्या आकड्यांची जागा त्यांच्या नजरेत बसली होती, नव्यावर ते शोधत राहिले. दोन तरुणांना नव्यावर आधी कळले. त्यामुळे या हंगामात तीनपैकी एका मॉनिटरवर जुनीच मांडणी, नव्या संगणकावर जशीच्या तशी, ठेवली आहे, आणि ती कधी काढायची हे तेच ठरवणार आहेत.

स्टार्टअप व्हेंटच्या लिमिट स्विचचे काम बिगर हंगामातच मंजूर झाले. अग्निप्रदीपनाच्या आदल्या आठवड्यात पहिल्या व्हॉल्व्हचे स्विच बसले, सिग्नल पीएलसीत आला, आणि त्या आकृतीवरच्या रेघा गेल्या. दुसऱ्याची केबल जंक्शन बॉक्सपर्यंत पोहोचली आहे, पुढचा तुकडा केबल ट्रेमध्ये गुंडाळून ठेवलेला आहे. मोळी पडली, गळीत सुरू झाले, आता तिथे चढायला शटडाउन मिळेल तेव्हाच. तोवर पडद्यावर तो व्हॉल्व्ह तिरप्या रेघांचाच आहे, आणि ऑपरेटर वॉकीटॉकीवर विचारतात.